सोलापूर जिल्ह्यात घरी असलेली गंभीर आजारी मुलं आणि मोबाईल: नेमकं काय उपयोगी पडेल?

चाटीगल्ली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझं माहेर सोलापूर, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. आम्ही शाळेतल्या मैत्रिणींनी मिळून काही रक्कम बाजूला काढली आहे. ती जिल्ह्यातल्या अशा मुलांसाठी वापरायची आहे ज्यांचा आजार बरा होणारा नाही, किंवा होईल की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. कॅन्सर, स्नायूंचे आजार, गंभीर सेरेब्रल पाल्सी, हृदयाचे जन्मजात दोष. मोठे उपचार मुंबई, पुणे नाहीतर हैदराबादला होतात. मग एक दिवस 'आता घरी न्या' असं सांगतात आणि करमाळ्याच्या नाहीतर सांगोल्याच्या एखाद्या वस्तीवर ते कुटुंब एकटं पडतं. रात्री दोनला लेकरू कण्हायला लागलं तर विचारायचं कुणाला?

मुंबईत शांती अवेदना सदन हे हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांना सांभाळणारी जागा, १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं तसंच केंद्र १९९७ पासून. तिथवर रोज कोण जाणार? इमारत बांधणं आमच्या आवाक्यातलं नाही. मोबाईल मात्र बहुतेक घरांत पोचलाय. म्हणून मराठीत एक ॲप करायचं मनात आहे. आईने रोज दुखणं, ताप, झोप, खाणं, औषधं नोंदवायची, ते डॉक्टरांना दिसायचं आणि गरज पडली की तिथूनच व्हिडिओ कॉल लागायचा. ज्यांनी असं मूल सांभाळलंय किंवा या कामात आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगा. पटलं नाही तर तेही सांगा.

होटगीरोड

+१. वर्गणी लागली तर हक्काने सांगा.

कडकभाकरी

हेतू चांगला आहे, पण हॉस्पिस म्हणजे शेवटचे दिवस असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. कुठली आई आपल्या लेकरासाठी असलं ॲप उतरवून घेईल? आणि केलंच तर 'शुभ सकाळ'चे गुलाबाचे फोटो अडवायची सोय आधी टाका, नाहीतर डॉक्टर दुसऱ्याच दिवशी गट सोडतील. :)

वॉर्डनंबरआठ

मी बालरोग विभागात नर्स आहे. कडकभाकरी, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मुलांची पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, शेवटच्या आठवड्यात सुरू होत नाही, आजाराचं निदान झालं की उपचारांच्या जोडीने सुरू होते. जगातलं मुलांचं पहिलं हॉस्पिस, ऑक्सफर्डचं हेलन हाऊस, १९८२ मध्ये निघालं तेच मुळी अशा आईबापांना चार दिवस झोप मिळावी म्हणून. मूल तिथे राहायचं आणि परत घरी जायचं. अशी मुलं वर्षानुवर्षं जगतात. त्या सगळ्या वर्षांत दुखणं कमी असणं, नीट झोप लागणं, भावंडांशी खेळता येणं, हे सगळं या कामातच येतं.

आता फोनबद्दल. तीन-चार वर्षांच्या पुढचं मूल हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून किती दुखतंय ते सांगतं. ती चित्रं मोबाईलवर छान दिसतात. बोलता न येणाऱ्या लेकरासाठी आम्ही पाच गोष्टी बघतो: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. हे व्हिडिओवर चांगलं कळतं, फक्त व्हिडिओ नीट काढायला हवा. पांघरूण बाजूला करून, उजेडात, पाय दिसतील असा, अर्धा मिनिट पुरे. आणि एक व्हिडिओ लेकरू शांत असताना काढून ठेवा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे पाय एरवीही ताठ असतात, मग आजचा ताठपणा दुखण्याचा की नेहमीचा हे परक्या माणसाला कसं कळणार? आपल्या लेकराच्या खास खुणा आईने त्या पाच गोष्टींत भरायच्या असतात. कुणी ओठ चावतं, कुणी एकदम गप्प होतं. ॲप केलंत तर त्या खुणांसाठी जागा ठेवा.

सीमेवरची_आई

ताई, मी त्यातलीच एक. अक्कलकोट तालुक्यात, पार कर्नाटकाच्या कडेला राहते. आमचा मुलगा नऊ वर्षांचा, बसता येत नाही, बोलता येत नाही, झटके येतात. रोज नोंदवा म्हणता, पण कधी नोंदवू? सकाळी नळीतून दूध, ते तासभर चालतंय. मग व्यायाम, मग कपडे, मग परत दूध. दोन्ही हात त्याच्यापाशीच असतात. टाइप करायचं म्हटलं की ते राहूनच जातंय. बोलून पाठवता आलं तर मी दिवसातनं पन्नासदा सांगीन.

व्हिडिओचं मात्र नर्सताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. आधी डॉक्टर विचारायचे झटका कसा आला, किती वेळ टिकला, डोळे कुठं गेले, दूध पाजल्यावर आला का. आम्ही घाबरलेलो, काय सांगणार? मग मालकांनी व्हिडिओ काढला, मागं भिंतीवरचं घड्याळ दिसंल असा. डॉक्टरांनी तो परत परत बघितला आणि म्हणाले, यातले सगळे झटके नाहीत, पोटातलं आम्ल घशाशी यायलंय म्हणून लेकरू पाठ वाकवून ताठ व्हायलंय. झटक्याचं औषध वाढवणार होते ते थांबवलं, आम्लाचं औषध दिलं, पाजताना डोकं वर ठेवायला शिकवलं. आता दूध पाजल्यावरचं रडणं पुष्कळ कमी झालंय.

मला ॲप नाही आलं तरी चालंल. एक नंबर पाहिजे, ज्यावरची बाई माझ्या लेकराचं नाव ऐकल्याबरोबर ओळखंल.

होटगीरोड

सरकारची ई-संजीवनी आहे की, २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं आणि तेही फुकट. नवीन काही करण्यापेक्षा लोकांना तीच शिकवली तर?

सीमेवरची_आई

दादा, साध्या ताप-खोकल्याला आम्ही तीच वापरतो, चांगली आहे. पण दरवेळी नवीन डॉक्टर. नऊ वर्षांची कहाणी पहिल्यापासून सांगेस्तोवर लेकरू निळं पडंल.

बार्शीकर

आमच्या बार्शीचं एक सांगतो. नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने इथे १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी. त्या काळात गावात फोन कुठला? कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावायचे, कोण आजारी आहे विचारायचे. नोंद माणसाच्या ओळखीतून झाली. फोन आला म्हणून ते पायी फिरणं बंद केलं तर हाताशी उरणार फक्त आकडे.

केरळातही तेच. कालिकतला १९९३ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू झालं, मग गल्लोगल्लीचे स्वयंसेवक तयार झाले, राज्याचं धोरण २००८ मध्ये आलं. आधी दारात जाणारी माणसं, मग बाकी सगळं.

चाटीगल्ली

बार्शीकर काका, पटतंय, पण थोडं भांडते. सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके, अशी मुलं विखुरलेली, एका तालुक्यात चार तर दुसऱ्यात दोन. दर आठवड्याला प्रत्येक दारात जायला नर्स आणणार कुठून? महिन्यातून एकदा भेट आणि मधले सगळे दिवस फोन, असं केलं तर एक नर्स कितीतरी घरं सांभाळू शकेल.

बार्शीकर

त्या क्रमाला माझी हरकत नाही. पहिली भेट घरी. उंबरा ओलांडून आलेल्या बाईशी फोनवर लोक खरं बोलतात.

स्टेथो_माळशिरस

तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवतो. कायद्याची बाजू सांगतो, ॲप करणारे बहुतेक इथेच अडतात. केंद्राने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोन, व्हिडिओ, अगदी मेसेजवरही सल्ला देता येतो. पण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात येणारी औषधं अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत आणि मॉर्फिन त्यातच आहे. कॅन्सरने हाडं दुखणाऱ्या लेकराला ज्याची सगळ्यात जास्त गरज, ते फोनवरून मिळणार नाही. कुणीतरी प्रत्यक्ष तपासून चिठ्ठी द्यायला हवी आणि औषध मान्यता असलेल्या संस्थेतून आणायला हवं. २०१४ च्या दुरुस्तीआधी संस्थेला चार-पाच परवाने गोळा करावे लागायचे, आता राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते. तरी पुष्कळ ठिकाणी औषध ठेवतच नाहीत, कारण भीती गेलेली नाही.

ही भीती पालकांनाही असते. ठरवून दिलेल्या मात्रेत दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने मूल व्यसनी होत नाही. शौचाला मात्र हमखास घट्ट होतं, म्हणून सोबत पहिल्या दिवसापासून रेचक द्यायचं असतं. फोनवर विचारायच्या गोष्टी या: शौचाला झालं का, झोप जास्त येतेय का, दोन डोसांच्या मध्ये दुखतंय का. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, डब्यात गोळ्या किती उरल्यात. शनिवारी संध्याकाळी गोळ्या संपल्या असं कळून काय करणार? बुधवारी कळलं तर बाप गुरुवारी जाऊन आणतो. चाटीगल्ली ताई, तुमच्या सॉफ्टवेअरने एवढं एक केलं तरी मी हात जोडीन.

कडकभाकरी

हे डॉक्टर म्हणतात ते सोन्यासारखं आहे. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो दर बुधवारी. हे माझी आईसुद्धा करेल.

पण एक काळजी आहे. पांघरूण काढून काढलेले लेकराचे व्हिडिओ घरातल्या एकुलत्या फोनमध्ये राहणार. चुलतभाऊ, भावकी सगळे तो फोन हाताळतात. एखादा व्हिडिओ गावच्या गटात गेला तर? २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते, ती तुम्ही घ्यालच. मी घरातलं बोलतोय. पाठवल्यावर फोनमधला व्हिडिओ काढून टाकायला आईला शिकवा, आणि असे व्हिडिओ पालकांच्या गटावर कुणीही टाकायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगा.

पूर्वभाग

सगळे मराठी ॲप, मराठी ॲप म्हणायलेत. आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू चालतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरला कन्नड. विजापूर वेशीला उर्दू. आई बाजारात मराठी बोलते, पण लेकराचं दुखणं ती स्वतःच्या भाषेतच सांगणार.

दुसरं, फोन घरात असतो हे अर्धसत्य आहे. फोन नवऱ्याकडे असतो आणि नवरा दिवसभर यंत्रमागावर. त्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही. आई घरी विड्या वळत बसलेली, मांडीवर सूप, बाजूला आजारी लेकरू. तिच्यापाशी फोनच नाही. आमच्या गल्लीत एका घरी दवाखान्यातून दुपारी तीन वेळा फोन आला, तिन्ही वेळा मागाच्या कारखान्यात वाजला. दवाखान्याने वहीत लिहिलं, 'पालक प्रतिसाद देत नाहीत.' ती माउली दिवसभर त्याच फोनची वाट बघत होती.

पैसे ॲपवर घालवण्याआधी आईच्या हातात एक साधा फोन द्या आणि वर्षाचं रिचार्ज करा. तो फोन त्या लेकराचा, बाहेर न्यायचा नाही. आणि तिला वाचायला लावू नका. विड्या वळताना कान मोकळे असतात.

होटगीरोड

थोडं विषयांतर. मुंबईला तपासणीला जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. ठरलेल्या नमुन्यातला रुग्णालयाचा दाखला लागतो. पुष्कळांना माहीतच नसतं.

सीमेवरची_आई

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा आहे, लाखापर्यंतचा. तेही लिहून ठेवा. आम्हाला फार उशिरा कळलं.

माढ्याचा_बाप

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आमची मुलगी रक्ताच्या कॅन्सरने गेली. घरी आणल्यावर एका ॲपमध्ये नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. कोणतं ते सांगत नाही, बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. तिची आई रोज भरायची. ती गेल्यावरही रोज रात्री आठला फोन वाजायचा, 'औषधाची वेळ झाली.' धाकटा पळत जाऊन फोन बंद करायचा, आईला ऐकू जायच्या आत. ॲप काढून टाकायला हात होत नव्हता, कारण आईने लिहिलेलं सगळं त्यातच होतं. कुठल्या दिवशी ती वरणभात जेवली, कुठल्या रात्री गाढ झोपली. ते उतरवून घ्यायची सोयच नव्हती. कळवलं तर उत्तर आलं की विनंती नोंदवली आहे. विनंती नोंदवल्यावरही तो आवाज महिनाभर चालू होता.

दुसरी गोष्ट, पालकांचा व्हॉट्सॲप गट. आजारपणात त्या गटाने आम्हाला जगवलं. रात्री तीनला कुणी ना कुणी आई जागी असायचीच. मुलगी गेल्यावर आम्ही काय करायचं? गटात राहिलो तर आमचं नाव दिसल्यावर बाकीच्यांच्या पोटात गोळा येणार. बाहेर पडलो तर 'गटातून बाहेर' अशी ओळ उमटणार आणि सगळ्यांना कळणार. आम्ही गप्प बसून राहिलो, शेवटी फोनच बदलला.

एक बाई मात्र होत्या, नर्स. दर पंधरवड्याला त्यांचा फोन यायचा. मुलगी गेल्यावरही येत राहिला. औषधाचं विचारायला काही उरलं नव्हतं, तरी करायच्या. धाकट्याशीही बोलायच्या, शाळेत काय झालं विचारायच्या. घरातलं मोठं माणूस कुणी त्याच्याशी त्याच्या बहिणीबद्दल बोलत नव्हतं, तो त्यांच्याशी बोलला.

वॉर्डनंबरआठ

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. गेल्यानंतरचे फोन हा या कामाचाच भाग आहे, उपकार नाही. ते नर्सच्या कामाच्या वेळेत धरले पाहिजेत, नाहीतर ती स्वतःच्या रिचार्जवर, स्वतःच्या झोपेतून वेळ काढून करते आणि वर्षभरात थकून नोकरी सोडते.

स्टेथो_माळशिरस

माढ्याचे दादा, नमस्कार. तुमचं वाचून एक जोडतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांनाही या कामात एकटं वाटतं. शिकवलेलं कमी, विचारायला कुणी नाही. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत सुरू केलेली इको पद्धत आहे. ठरल्या दिवशी व्हिडिओवर सगळे जमतात, एकजण आपल्या पेशंटचं, नाव न घेता, मांडतो आणि अनुभवी मंडळी सल्ला देतात. केरळची पॅलियम इंडिया ही पॅलिएटिव्ह केअरची संस्था हेच करते. हैदराबादच्या एमएनजे कॅन्सर रुग्णालयात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचं काम मुरलेलं आहे. सोलापूरहून हैदराबाद काही परकं नाही, निम्मा पूर्व भाग तिकडचाच. एका खोलीत एक चांगला स्क्रीन आणि न तुटणारं इंटरनेट, एवढा खर्च तुमच्या गटाला झेपेल. आईला डॉक्टर गाठून देण्याइतकंच डॉक्टरला डॉक्टर गाठून देणं गरजेचं आहे.

चाटीगल्ली

सगळं दोनदा वाचलं. आज मैत्रिणींशी बोलले. ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर अडवा.

ॲप करत नाही. रक्कम आधी एका नर्सच्या पगाराला, तिच्या प्रवासाला आणि आयांच्या हातातल्या फोन-रिचार्जला. पहिली भेट घरी, मग एकच नंबर, आणि तो उचलणारी तीच. रात्री उचलायला दुसरी कुणीतरी लागेल, कारण एकच बाई चोवीस तास कशी जागणार? त्या दोघींसमोर मी करीन तो एक साधा तक्ता असेल: लेकराचं नाव, त्याच्या आईने सांगितलेल्या खुणा, शांत असतानाचा व्हिडिओ, गोळ्या किती उरल्या, कोणती भाषा, फोन कोणत्या वेळी आईजवळ असतो. आईने काहीही भरायचं नाही, फक्त बोलायचं. आपोआप वाजणारी कोणतीही आठवण नाही. फोन करायचा तो माणसाने. आणि सगळ्या नोंदी कागदावर छापून घरच्यांना मिळतील, मागतील तेव्हा.

दोन प्रश्न उरलेत. रात्रीचा फोन कोण घेणार? आणि तेलुगू, कन्नड बोलणारी बाई कुठून आणायची?

माढ्याचा_बाप

मूल गेल्याची नोंद तक्त्यात कशी करणार आहात? पर्यायांच्या यादीतून निवडायचं ठेवू नका.

चाटीगल्ली

नाही दादा. ते नर्स स्वतःच्या हाताने लिहील आणि त्यानंतरच्या फोनांच्या तारखाही तिथेच येतील. तुमची हरकत नसेल तर तक्ता तयार झाल्यावर पहिल्यांदा तुम्हालाच दाखवते.

माढ्याचा_बाप

दाखवा. तिची आईपण बघेल म्हणते.

वॉर्डनंबरआठ

रात्रीसाठी निवृत्त नर्सेस विचारते. आमच्या दोन सिस्टर आहेत, झोप तशीही लागत नाही म्हणतात. पण मोफत नको, मानधन द्या. आणि कोणत्या तक्रारीला त्यांनी स्वतः सांगायचं, कोणत्या तक्रारीला डॉक्टरांना उठवायचं आणि कधी सरळ १०८ बोलवायची, हे डॉक्टरांनी आधी लिहून द्यायचं.

स्टेथो_माळशिरस

लिहून देतो. रात्री मला उठवलं तरी चालेल.

पूर्वभाग

तेलुगूचं मी बघतो. माझी बायको आणि तिची मोठी बहीण, दोघी बोलतील. कन्नडसाठी सीमेवरच्या आई, तुमच्याकडे कुणी आहे का?

सीमेवरची_आई

सासूबाई. त्यांना लिहिता येत नाही, पण लेकराला कुशीवर कसं वळवायचं, नळी धुताना पाणी किती गरम घ्यायचं, हे त्या अशा सांगतात की नवीन बाईला एका फटक्यात कळतंय. दुपारी दूध झालं की रेकॉर्ड करून पाठवते. पहिलं कुठलं पाहिजे?

वॉर्डनंबरआठ

पाजताना डोकं वर कसं ठेवायचं, ते. मी आधी ऐकून तपासते आणि मग पुढे पाठवू.